सामायिक खर्च

मंजुरीचं पत्र दिल्लीहून आलं तेव्हा मे होता.
कूलरमधल्या खसाचा वास फायलींना लागलेला.
पाच वर्षं, चार प्रकल्प, आणि शीर्षक एकच,
इतकं लांब की रजिस्टरच्या रकान्यात
मला ते तीन ओळींत मोडावं लागलं.

मी हिशेब ठेवतो. तेवढंच माझं काम.
प्रकल्प एक : तोंड का आखडतं.
दोन : कोणाचं आखडतं, कोणाचं नाही, आणि रक्तात तसं काही लिहिलंय का.
तीन : गावोगाव फिरून तोंडं उघडून पाहणे.
चार : वाचलेला माणूस टाके सुकल्यावर
पुन्हा त्याच पानठेल्यावर का उभा राहतो.
चार डॉक्टर, चार खोल्या, चार कुलपं.
पत्र म्हणतं, हे सगळं मिळून एक काम आहे.
म्हणून पहिल्या सोमवारी चौघं एका टेबलाशी बसतात,
तर्री-पोहे मागवतात,
आणि पोहे संपेपर्यंत
कोणी कोणाला आपले आकडे दाखवत नाही.

पैसे आले एकोणीस फेब्रुवारीला.
एकतीस मार्चच्या आत संपवा, नाहीतर परत करा.
चाळीस दिवसांत एक कोटी दहा लाख.
माझ्या बापानं चाळीस वर्षांत
घराचं छप्पर बदललं नव्हतं.

त्यातूनच घेतला उणे ऐंशीचा फ्रीजर. सामायिक.
आत दोनशे बारा माणसांच्या गालाचे तुकडे,
एकेक तांदळाच्या कणीएवढा,
नावं काढून नुसते क्रमांक चिकटवलेले.

सामायिक म्हणजे काय हे मला नवतप्यात कळलं.
रात्री दोनला लाईन गेली.
जनरेटर होता. डिझेल नव्हतं.
डिझेल कुठल्या शीर्षाखाली टाकायचं
यावर फाईल तीन आठवडे फिरत होती :
एक म्हणे दोनचं, दोन म्हणे तीनचं,
तीन म्हणे सगळ्यांचं,
आणि आमच्या कॉलनीतली पाण्याची टाकीही सगळ्यांचीच आहे,
कोणी धुतलेली मी पाहिली नाही.
चौकीदार धुर्वेनं चौघांनाही फोन लावले.
उणे सत्तर. उणे चौसष्ट.
मग चार नंबरच्या अंजनकर मॅडम आल्या,
ज्यांचा त्या फ्रीजरमध्ये एकही तुकडा नाही,
गाऊनवर ओढणी,
स्कूटरवर पायाशी पाच लिटरचा कॅन.
बिल चारशे पासष्ट रुपये.
ते अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, शीर्षाविना.

त्याच ड्रॉवरमध्ये, खरं सांगायचं तर,
पन्नीत बांधलेला अर्धा खर्राही असतो.
मार्चच्या रात्री दुसरं काय जागं ठेवणार?

आज प्रमिला उईके आली. तीन नंबरची फील्डवर्कर.
रामटेकपासून पारशिवनीपर्यंत पायी, बसनं,
एकदा तर रेतीच्या ट्रॅक्टरवर बसून तिनं तोंडं पाहिलीत.
तिची पद्धत सोपी : बोटं उभी घालायची.
तीन गेली तर घरी जा.
दोन गेली तर नोंद.
एकच गेलं तर नागपूर.

"भाऊ, टीए कवा भेटन?"
मी समजावलं. दुसरा हप्ता आल्याशिवाय नाही.
उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय दुसरा हप्ता नाही.
प्रमाणपत्रावर चार सह्या लागतात, झाल्यात तीन.
ती ऐकत होती, पण पाहत होती माझ्या ओठांकडे,
आकड्यांकडे मी पाहतो तशी.
"आ करा."
"मी?"
"करा न बावा आ."

खोलीत पंखा फिरत होता.
रबरी हातमोज्याची चव आली, पावडरीची.
दोन बोटं गेली.
तिसरं अर्ध्यावर अडलं, दातांपाशी.

तिनं फॉर्म काढला, पेन झटकलं.
"अर्ध्याले जागाच नाई इथं, भाऊ.
दोन लिवू का तीन?"

मी, आयुष्यभर पैसे जवळच्या रुपयात बसवलेला माणूस,
म्हणालो, थांब जरा,
आधी तुझा टीए काढतो.